ओ ग्रुपच्या लेकराला ए ग्रुपचं हृदय : आमचा अनुभव

छकुली तेरा महिन्यांची असताना तिला दुसऱ्या ब्लड ग्रुपचं हृदय बसवलं, ती ओ पॉझिटिव्ह आणि हृदय ए ग्रुपचं. हे सांगितलं की लोक म्हणतात तुमच्या ऐकण्यात कायतरी चुकलंय, लॅबमधे काम करणारा आमच्या नात्यातला पोरगासुद्धा आधी तसंच म्हणला. म्हणून नीट लिहून काढतेय, कारण आम्हाला तेव्हा मराठीत समजावून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

तिचा त्रास दूध पिताना दिसायला लागला. दोन घोट घेतले की थांबायची, कपाळाला घाम, वजन वाढेना. आधी निमोनिया म्हणून औषधं चालली, मग परभणीत इको केला तेव्हा कळलं की हृदय फुगलंय, डायलेटेड कार्डिओमायोपथी, पंपिंग पंधरा-वीस टक्क्यांवर आलंय. संभाजीनगरला औषधांवर थोडी सावरली, परत घसरली, आणि तिथल्या मॅडम म्हणल्या, ताई, आता ट्रान्सप्लांटसाठी नाव लावा, वेळ घालवू नका. सासूबाई म्हणल्या एवढ्याशा जीवाला कुणाचं हृदय बसवणार गं माय. खरा प्रश्न तोच होता.

सिकंदराबादला गाडी बदलून चेन्नई. पैशाचं लिहीत बसत नाही, पंतप्रधान सहायता निधीचा अर्ज, ट्रस्ट, गावातली वर्गणी, कापसाचे आलेले पैसे, सगळंच लागलं.

तिथं पहिल्यांदा कळलं की ओ ग्रुपच्या पेशंटची वाट सगळ्यात लांब का असते. ओ चं हृदय कुणालाही चालतं, पण ओ च्या पेशंटला फक्त ओ चंच चालतं, कारण त्याच्या रक्तात ए आणि बी दोन्हीच्या विरोधात अँटिबॉडी असतात आणि त्या परक्या ग्रुपच्या हृदयावर लगेच तुटून पडतात. मोठ्या माणसाचं हे असंच. पण तान्ह्या बाळात ह्या अँटिबॉडी जन्मतः तयार नसतात, पोटातले जंतू, अन्न यांच्यावर ए आणि बी सारख्याच साखरी असतात, त्या बघून शरीर तीन ते सहा महिन्यांच्या पुढं हळूहळू अँटिबॉडी बनवायला शिकतं. ते शिकायच्या आत दुसऱ्या ग्रुपचं हृदय बसलं तर शरीर त्याला परकं म्हणत नाही. टोरांटोच्या लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर लोरी वेस्ट आणि त्यांच्या टीमनं 1996 पासून हे सुरू केलं आणि 2001 ला पहिल्या 10 बाळांचा अनुभव छापला, सगळ्यात लहान बाळ 4 तासांचं, सगळ्यात मोठं 14 महिन्यांचं. त्यांच्याकडं वाट बघताना दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण 58 टक्क्यांवरून 7 वर आलं. हा आकडा डॉक्टरांनी सांगितला तेव्हा ह्यांनी तो परत विचारून वहीत लिहून घेतला.

मग टायटरची टेस्ट, म्हणजे रक्तात अँटिबॉडी किती आहेत ते मोजायची. रक्तातलं पाणी दुप्पट, चौपट, आठपट असं पातळ करत जातात आणि कुठंपर्यंत गुठळी होते ते बघतात. छकुलीचं ए साठी 1:4 आलं, बी साठी पण तेवढंच. डॉक्टर म्हणले चालेल, पण ही संधी कायम राहत नाही, दर महिन्याला अँटिबॉडी वाढू शकतात, म्हणून टेस्ट परत परत होणार. मी तर लेकरू लवकर मोठं व्हावं म्हणून देवाला हात जोडणारी बाई, आणि तिथं बसून वाटायचं हिचं वय थोडं थांबावं. संमतीच्या कागदावर सही करताना ह्यांचा हात चालना. भाऊजींनी फोनवरून विचारलं, ग्रुप जुळत नाही तर रिस्क कामून घ्यायची? डॉक्टरांनी स्पीकरवर त्यांना पण सगळं पहिल्यापासून सांगितलं, कंटाळले नाहीत.

हृदय आलं ते एका लहान लेकराचं, छकुलीपेक्षा अंगानं मोठ्या. तिचं स्वतःचं हृदय फुगून छातीत जागा झालेली होती म्हणून ते बसू शकलं. त्या घराचं नाव गाव आम्हाला सांगत नाहीत, नियमच आहे. त्या माउलीनं त्या अवस्थेत हो म्हणलं, ह्याच्यापुढं मला काही लिहिता येत नाही.

ऑपरेशनमधे मशीनवर घेतल्यावर तिचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पाणी, काढून एबी ग्रुपचा प्लाझ्मा भरला, त्यात ह्या अँटिबॉडी नसतात, म्हणजे ए वर तुटून पडणाऱ्या अँटिबॉडी धुऊन निघतात, आणि नव्या हृदयात रक्त सोडायच्या आधी टायटर तपासलं. पुढं आयसीयूत रोज तपासायचे. तिच्या बेडवर मोठ्या अक्षरात कागद लावलेला, लाल पेशी फक्त ओ, प्लाझ्मा आणि प्लेटलेट ए किंवा एबी. नर्स प्रत्येक पिशवी दोघीजणी मिळून वाचायच्या तेव्हाच लावायच्या.

आणि हेच घरी आल्यावर सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. मागच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट खूप खाली गेल्या, जवळच्या दवाखान्यात ग्रुप बघितला ओ, आणि ओ च्या प्लेटलेट मागवल्या. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, पण ओ च्या पिशवीतल्या प्लाझ्मात ए विरुद्धच्या अँटिबॉडी असतात आणि आमच्या लेकराचं हृदय ए चं. तिला कोणतं रक्त चालतं ते लिहिलेलं चेन्नईच्या दवाखान्याचं कार्ड मी पुढं केलं, डॉक्टरांना पटना, मी म्हणलं सर हात जोडते, आधी ह्या नंबरवर बोला. बोलले. दोन तासात नांदेडहून ए च्या प्लेटलेट आल्या. ते कार्ड आता तिच्या दप्तरात, ह्यांच्या पाकिटात, माझ्या मोबाईलच्या कव्हरमधे आणि सासूबाईंच्या बटव्यात पण आहे.

बाकी आयुष्य टॅक्रोलिमसच्या, म्हणजे शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाच्या, घड्याळावर चालतं, सकाळी आणि रात्री बारा तासांनी, मधे मधे रक्तातली त्याची लेव्हल बघायची. टँकरचं पाणी उकळूनच. पपनस घरात आणायचं नाही, त्यानं औषधाची लेव्हल चढते. जिवंत जंतूंच्या लसी बंद, त्यामुळं अंगणवाडीत गोवर निघाला की आम्ही तिला घरी ठेवतो, बाया म्हणतात फार जपता, जपणारच.

आता ती चार वर्षांची आहे. यंदाच्या तपासणीत बी विरुद्धच्या अँटिबॉडी चांगल्याच तयार झालेल्या दिसल्या, ए विरुद्धच्या जवळपास नाहीतच. डॉक्टर म्हणले बरीच बाळं असंच करतात, ज्या ग्रुपचं हृदय तोच ग्रुप शरीर आपला मानतं. दिवाळीनंतर बायोप्सीला परत जायचंय, तिकिटं काढलीत.