आमची वाटचाल: उसवण्याची मजुरी

आमच्या पाटीवर ‘भरतकाम व कशिदा’ एवढंच लिहिलंय. खरं तर आमचा निम्मा वेळ उसवण्यात जातो, पण ते पाटीवर कसं लिहिणार!

सुरुवात २००९ ची. मिरजेत, राहत्या घराच्या माडीवर, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं माहेर धारवाडचं, म्हणून घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी शाळेपासून मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरं पडलेल्या कापडावर, क्रॉस स्टिच भरणारी. अक्कांच्या हातात कर्नाटकी कशिद्याचे चारही टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुलीच, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेली. मला वाटलं, चारातला एक येतोच आहे, बाकीचे तीन आठवड्यात उरकू. एकट्या गवंतीनं दोन महिने खाल्ले.

दिसायला ती धावदोऱ्यासारखी. जाताना एक टाका, एक जागा मोकळी. येताना मोकळ्या जागा भरत यायचं. गाठ कुठंच मारायची नाही, आणि कापड उलटं केलं तरी तीच नक्षी दिसली पाहिजे. खाली छापा नसतो, सुतं मोजूनच भरायचं. सरळ रेघ असेपर्यंत सोपं वाटतं. नक्षीतल्या तुळशीवृंदावनाला डहाळ्या फुटल्या की पंचाईत. प्रत्येक डहाळीत शिरायचं, टोकापर्यंत जायचं, भरत भरत मागं यायचं आणि मगच पुढं सरकायचं. एखादी डहाळी विसरली आणि परतताना तिचं मूळही ओलांडलं, तर तिथं पोचायला मागून दोरा ओढत न्यावा लागतो. मग मागची बाजू गेलीच म्हणायची.

दुसरी खोड त्याहून बारीक. परतीची सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगानं काढली, तर खालच्या अंगानं घालायची, आणि शेवटपर्यंत तसंच. मध्येच बदललं की रेघेला दाते पडतात. सुई आधीच्या दोऱ्यातूनच घुसली तर आणखी वाईट, कारण उसवताना दोन्ही टाके एकमेकांना सोडत नाहीत. अक्का माझं काम हातात घेऊन आधी उलटं करायच्या. सुलटं बघायच्याच नाहीत. मला राग यायचा.

पोटापाण्याला मात्र आधी क्रॉस स्टिचच धावून आलं. गणपतीच्या फ्रेमची ऑर्डर मिळाली, बारा नग. नक्षी १४० घरं गुणिले १४० घरं. चौदा काउंटच्या मॅटीवर इंचात चौदा घरं बसतात, म्हणजे बरोबर दहा इंच. मी फ्रेमा त्या मापानं करून घेतल्या आणि मॅटी मागवताना गडबडीत अठरा काउंटची मागवली. पहिला गणपती भरून झाला तेव्हा तो पावणेआठ इंचांचा. एकोणीस हजार सहाशे फुल्या घालून झाल्यावर हे लक्षात आलं! फ्रेमा तशाच ठेवल्या आणि चित्राभोवती रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कड, लावून दिले. गिऱ्हाइकाला तेच जास्त आवडलं, ही माझी अक्कल नव्हे.

तेव्हापासून मॅटीवर काम सुरू करण्याआधी घरं मोजायला दर दहा घरांवर तंगुसाच्या रेघा घालून घेतो. मासे धरायचा तो बारीक नायलॉन. त्यात सुई अडकत नाही आणि काम झालं की सरकन ओढून निघतो.

पुढं काम वाढलं, गल्लीतल्या पाच-सहाजणी दुपारच्या यायला लागल्या. इरकलच्या पदरावर कशिदा मागणाऱ्या बायका बेळगाव, निपाणीकडूनही यायच्या. मजुरी नगावर, जेवढे मोर तेवढे पैसे. सगळीकडे हीच रीत, म्हणून मीही तीच धरली. तीच अंगाशी आली.

बेळगावच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नाची साडी नेताना पदर हातात घेतला आणि म्हणाल्या, “मागनं बघू द्या जरा.” पालखीचा दांडा एका सुतानं चुकलेला. दोन टोकं जुळेनात म्हणून कुणीतरी मध्ये एक टाका जास्तीचा कोंबला होता आणि मागं दोऱ्याचा गुंता दाबून बसवला होता. साडी टेबलावर ठेवून त्या गेल्या. मी चौकशी केली तर भरणारीनं सरळ सांगितलं, “ताई, चूक दुसऱ्याच दिवशी दिसली होती. उसवत बसले असते तर ती दुपार फुकट गेली असती.” तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. उसवण्याला माझ्याकडं दरच नव्हता.

मग उसवण्याची मजुरी सुरू केली, तासावर. घरात चेष्टा झाली, “चुकायचे पैसे देतेस?” पहिल्या तीन महिन्यांत हिशेब तुटीत गेला, हेही खरं. पण चुका लवकर बाहेर यायला लागल्या. एक सूत चुकल्याचं त्याच दिवशी कळलं तर पाच मिनिटांचं काम असतं. चौथ्या दिवशी त्याच्यावर अख्खा रथ उभा राहिलेला असतो. त्यातूनच लाल दोऱ्याची पद्धत निघाली. जिथं शंका येईल तिथं लाल दोऱ्याचा एक सैल टाका घालून ठेवायचा, कुणाला काही विचारायचं नाही. संध्याकाळी अक्का बघतात.

फ्रेंच नॉटचं, म्हणजे सुईला दोऱ्याचे वेढे देऊन घालायच्या गाठीचं, दुखणं असंच उघडं पडलं. मोराचा डोळा कापडाच्या मागं निघून जायचा आणि सगळ्या जणी दोऱ्याला दोष द्यायच्या. लाल दोरे मोजले तर सगळे डोळ्यापाशीच. सुई जिथून काढली त्याच भोकात परत घालत होत्या. आता एक सूत सोडून घालतात आणि सुई आत जाईपर्यंत डाव्या हातानं दोरा ताणून धरतात. डोळा मोठा हवा असेल तर वेढे वाढवत नाही, दोऱ्याचे पदर वाढवतो. तीन वेढ्यांची गाठ बऱ्याचदा आडवी पडते.

सध्या आम्ही अकराजणी आहोत. काल संध्याकाळी अंबारीच्या पदरावर तीन लाल दोरे होते. दोन ठिकाणी काहीच चुकलेलं नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी अक्कांनी चष्मा वर केला आणि पाय मोजले. हत्तीला पाच निघाले. उसवायला दीड तास लागला, तो वहीत मांडला.