छप्पर आमचं, शिंगल्स त्यांची

घरावर बोजा चढलाय, हे मला पोस्टाने कळलं. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टमधल्या आमच्या घराचं छप्पर बदलून दोन महिने झाले होते आणि कॉन्ट्रॅक्टरचे १८,५०० डॉलर चुकते करून आम्ही मोकळे झालो होतो. पाकिटात काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसचा शिक्का असलेला कागद होता: 'मेकॅनिक्स लियन', म्हणजे बांधकामाच्या थकलेल्या पैशांपोटी घरावर बोजा, रक्कम ६,८४० डॉलर. मागणारा होता शिंगल्स, म्हणजे छपरावर कौलांसारख्या बसवायच्या पट्ट्या, पुरवणारा दुकानदार. त्याचं नाव मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

म्हणजे, तसं मला वाटलं. बायकोने ड्रॉवर उपसला. टेकआउटची मेन्यूकार्डं, जुन्या किल्ल्या आणि त्यांच्या खाली एक सर्टिफाइड मेलचं पाकीट. छपराचं काम चालू असतानाच आलेलं, सही माझीच. आत 'प्रिलिमिनरी नोटीस'. चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं: तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले असले, तरी आमचे मिळाले नाहीत तर तुमच्या मालमत्तेवर लियन येऊ शकतो. मी ती जाहिरात समजून आत सरकवली होती.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा चढतो, तसं हे. फरक एवढाच की बँकेकडे कर्जाचे कागद आपण स्वतः नेऊन देतो. इथे ज्याच्याशी आपला करारच नाही, तोही आपल्या घरावर बोजा चढवू शकतो. कॅलिफोर्नियात हा हक्क थेट राज्याच्या घटनेत आहे. पुरवठादाराने माल द्यायला लागल्यापासून २० दिवसांत ती नोटीस पाठवायची आणि काम संपल्यावर साधारण ९० दिवसांत लियन नोंदवायचा. मालकाने कामपूर्तीची नोटीस नोंदवलेली असेल, तर पुरवठादाराला ३०च दिवस मिळतात. ही नोटीस नोंदवता येते हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

कॉन्ट्रॅक्टरचा फोन आधी 'उद्या करतो' म्हणाला, मग वाजायचाच बंद झाला. लियन नोंदवल्यापासून ९० दिवसांत पुरवठादाराने कोर्टात दावा लावला नाही, तर तो पुढे बजावता येत नाही. म्हणून एका मित्राचा सल्ला होता, गप्प बसून बघ. मी दुकानदाराला फोन केला. पलीकडच्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "दावा तयार आहे. शिंगल्स तुमच्याच छपरावर आहेत ना?"

यावर काय बोलणार? माझे बाबा कराडला हार्डवेअरचं दुकान चालवायचे. सिमेंट, सळया, पत्रे, सगळं कॉन्ट्रॅक्टरच्या नावे उधारीच्या वहीत. घरमालकाची वास्तुशांत होऊन जायची आणि बाबा पुढची दोन वर्षं त्या कॉन्ट्रॅक्टरच्या दारात चपला झिजवायचे. मालक म्हणायचा, मी तर त्याला सगळे दिलेत. अगदी माझंच वाक्य.

शेवटी ५,५०० वर तडजोड झाली. पैसे आधी आणि कागद नंतर, ही चूक मात्र केली नाही. बोजा उतरवल्याचा नोटरी केलेला 'रिलीज' त्यांनी टेबलावर ठेवला, मी कॅशियर्स चेक ठेवला आणि रिलीज स्वतः जाऊन नोंदवून आलो. कॉन्ट्रॅक्टरची लायसन्स बोर्डाकडे तक्रार केली आहे, त्याने लायसन्ससाठी दिलेल्या २५,००० डॉलरच्या हमीच्या बाँडवर दावाही लावलाय. त्या एका बाँडवर आणखी कितीजण टपलेत, देव जाणे.

आता कुंपणाचं काम निघालंय. या वेळी लाकूड पुरवणाऱ्याची नोटीस आली, ती फ्रीजवर लावली. शेवटच्या हप्त्याचा चेक कॉन्ट्रॅक्टर आणि लाकूडवाला अशा दोघांच्या नावाने काढणार आहे आणि दोघांकडून लियनचा हक्क सोडल्याच्या 'वेव्हर'वर सह्या घेणार आहे.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. माझे पैसे दोनदा गेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ती नोटीस पाठवायला त्या दुकानदाराला पोस्टाचा खर्च किती येतो रे?"