ऐकलं असेल का

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. म्हणजे येतेय, पण डोळे मिटले की जॅमची बाटली हातात धरून उभे असलेले काका दिसतात आणि परत तेच सुरू, ऐकलं असेल का.

सकाळी अकराच्या सुमारास आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात कुणी नव्हतं. कोलकात्याचा माल पहाटे आलेला, कामाला असलेला सोन्या मागे थर्माकोलचे बॉक्स उघडत होता, मी पिशव्या टाक्यांमध्ये तरंगत ठेवत होते आणि त्याला हसवायला म्हणून मी काकांची नक्कल केली. मागच्या रविवारी आलेले गिऱ्हाईक काका. नाकातून, प्रत्येक शब्द सुटा सुटा, मधेच चष्मा वर सरकवत. "मला एक सांगा मॅडम, गोल्डफिश, झोपतात, का? आणि झोपत असतील, तर दिवा मालवल्यावर त्यांना, भीती, नाही ना वाटत?" सोन्या बॉक्सवर डोकं टेकून हसत होता. तो असा हसायला लागला की मला आवरत नाही, मी अजून वर चढते, म्हणून मी पुढचा प्रश्न पण करून दाखवला, "आणि, स्वप्नं?" हा त्यांनी विचारलाच नव्हता. हा मी माझ्याकडचा घातला.

वळले तर पार्टिशनच्या अलीकडे काका.

"मॅडम, पाणी आणलंय. तुम्ही म्हणाला होतात."

बस. एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. हातात किसान जॅमची जुनी बाटली आणि तिच्यावर कागद चिकटवलेला. निळ्या शाईत, अक्षर असं की शाळेत सुविचार लिहायला यांनाच उभं करत असणार. "नमुना. शनिवार, सकाळी ६.४०. मासे – २ (पूर्वी ३)."

आता हे वाचणाऱ्या तुम्हा लोकांना माहितीये की मी प्रत्येकाला सांगते, मासे मरत असतील तर पाणी घेऊन या, आपण चेक करू, फुकट करतो. पाच वर्षं सांगतेय. आजपर्यंत किती जण घेऊन आले? एकही नाही. लोक मेलेला मासा आणतात, टिश्यूमध्ये, प्लास्टिकच्या डब्यात, एकीने तर जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात आणला होता. लोक व्हिडिओ आणतात. रात्री दीड वाजता व्हॉट्सॲपवर पाठवतात, ताई उलटा पोहतोय. त्याला मटार उकडून साल काढून द्या म्हटलं तर विचारतात मीठ घालायचं का. पण पाणी? पाण्याचं काय बघायचं, पाणी स्वच्छ आहे, आम्ही तर बिसलेरी घालतो. आणि पाच वर्षांत जो एक माणूस सांगितलेलं ऐकून, तारीख वार टाकून पाणी घेऊन आला, नेमकी त्याचीच मी नक्कल करत होते. हे कुठल्या हिशोबात बसतं मला माहीत नाही.

टेस्ट सोपी आहे. नळीत पाच मिली पाणी, टेस्ट किटच्या पहिल्या बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं होत गेलं तर अमोनिया.

त्या पाच मिनिटांबद्दल लिहायचं होतं खरं तर.

एरवी पाच मिनिटं कशी जातात कळत नाही. गिऱ्हाईक काच वाजवतं, पोरं काच वाजवतात, मी "वाजवू नका" म्हणते, ते "काय होतंय" म्हणतात. पण काका नुसते उभे. आणि हा माणूस रविवारी अर्ध्या तासात कमीत कमी वीस प्रश्न विचारून गेला होता. दाणे मोजून घालायचे का, एकाने जास्त खाल्ले तर दुसऱ्याला कसं कळणार, रेडिओचा आवाज चालतो का. वीस प्रश्नवाला माणूस पाच मिनिटांत एक प्रश्न विचारत नाही म्हणजे काय? म्हणजे ऐकलं. ते नुसतं नळीकडे बघत होते, मी पण बघत होते, आणि ती होत चालली होती हिरवी.

आणि मग मी काय केलं, तर मला ती शांतता सहन होईना म्हणून मी आपणहून म्हटलं, "काका, झोपतात हां ते. पापण्या नसतात ना, त्यामुळे डोळे उघडेच दिसतात. रात्री तळाशी एका जागी थांबतात, रंग थोडा फिका पडतो. दिवा बंदच करायचा रात्री, उलट बरं असतं त्यांना."

कुणी विचारलं होतं? आज कुणीच नाही. म्हणजे ऐकलं नसेल तरी मीच जाऊन कबुली दिल्यासारखं झालं.

"हो का," म्हणाले.

आता स्वतःची बाजू. मला माहितीये हे मी बरं वाटावं म्हणून लिहितेय पण लिहू दे. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहायचं. निम्मे लोक आत येऊन माझ्याकडे बघून विचारतात, "भैया नाहीयेत का?" भैया म्हणजे सोन्या, ज्याला अजून मॉली आणि प्लॅटीत फरक विचारला तर तो माझ्याकडे बघतो. काल एक जण भांडून गेले, गप्पी साठ रुपये जोडी कसे, आमच्याकडे आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी फुकट देतात. मग त्यांच्याकडून घ्या ना. मग म्हणे त्यांच्या शेपट्या चांगल्या नसतात. परवा एका बाईंना आठ सोनेरी आणि एक काळा हवा होता, घरातलं संकट काळा मासा अंगावर घेतो म्हणे. त्यांचा काळा दर महिन्याला जातो, तरी त्या खूश असतात, कारण तेवढं एक संकट गेलं. यावेळी आठही सोनेरी गेले होते आणि काळा मस्त जिवंत. तक्रार त्याची होती. एक दादा सकर मासा घेऊन गेले होते बोटाएवढा, तो घाण खातो म्हणजे पाणीच बदलायचं नाही अशी त्यांची समजूत, तो आता फूटभर झालाय तर नदीत सोडू का विचारायला आले. नाही सोडायचा दादा. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात हेच येतायत, आणि त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. तर म्हणाले, मग तुम्ही परत घ्या. आणि "फायटर दोन द्या एका टाकीत, एकट्याला बोअर होतं." हे तर रोजचं. नावातच आहे ना हो सगळं.

मग माणूस नक्कल करणार नाही तर काय करणार. माझ्या झुऑलॉजीच्या बॅचमधली दोघं कोचीला आहेत, समुद्रातल्या माशांवर काम करतात, त्यातली एक परवा स्टेटसला बोटीचा फोटो टाकून... जाऊ दे. ते राहू दे. मी निवडलंय, मला माहितीये कशासाठी, आणि मामांचं ऑपरेशन झाल्यापासून तर प्रश्नच नाही.

पण काका त्या लोकांतले नाहीत ना. तेच तर. नक्कल करायची तर काळा मासावाल्या बाईंची करायची होती.

दुपारी मी सोन्याला म्हटलं, तू मागे जा, मी काका होते तिथे उभी राहते, तू नेहमीच्या आवाजात काहीतरी बोल. ब्लोअरचा आवाज आहे, सगळे फिल्टर चालू आहेत, मला वाटलं बुडून जाईल. मागून आवाज आला, "आज चहा कोण सांगणार आहे?" चहातला च सुद्धा ऐकू आला. मी म्हटलं तू मुद्दाम मोठ्याने बोललास. तो म्हणाला ताई, तू सकाळी याच्या डबल आवाजात होतीस.

मग मला आठवलं की काकांच्या कानाला मशीन आहे. एकदम बरं वाटलं. तर सोन्या म्हणे, माझ्या आजीला मशीन लावल्यापासून शेजारच्या घरातलं पण ऐकू येतं. याला कामावर ठेवलं कुणी.

असो. टेस्टचं सांगायचं राहिलं. गर्द हिरवं. पाच लिटरच्या काचेच्या बोलमध्ये तीन गोल्डफिश, दुसरं काय होणार. मी बोलबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण रविवारीच त्यांनी फोनवर फोटो दाखवला होता आणि बोलच्या बुडाला आपला स्टिकर होता. कुणी विकला मी विचारलं नाही. सोन्यालाही नाही, मामांनाही नाही. मी पण असू शकते, दिवाळीच्या आधी त्या पंधरा दिवसांत काय काय गेलं कुणाला आठवतंय.

मग मी नेहमीचं विरजणाचं उदाहरण दिलं. नव्या पाण्यात मासा टाकला की त्याच्या घाणीचा अमोनिया होतो, तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना दीड महिना लागतो, दूध आज लावलं की दही आज नाही मिळत तसं. आणि आमच्या जुन्या टाकीतला चालू स्पंज फिल्टर देते, हे विरजण. पाणी रोज पाव भाग बदला, खाणं निम्म्यावर आणा, आणि बोलमधून काढा त्यांना, घरात मोठं काही आहे का, टब, ड्रम, काहीही?

काका म्हणाले, "पिंप आहे. साठ लिटरचं. गुरुवारचं."

पुण्यातल्यांना सांगायला नको. गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद, मग शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. मी म्हटलं, मस्त, त्यातच सोडा, भरून ठेवलेलं पाणी असलं की क्लोरीन पण उडालेलं असतं. तर चष्मा वर सरकवून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"मग गुरुवारी, आम्ही, काय करायचं?"

देवाशपथ सांगते मला रडू येईल असं वाटलं इतका आनंद झाला. प्रश्न विचारला! म्हणजे ऐकलं नाही! मी त्यांना पिंपाचं, बादल्यांचं, दोन माशांना किती आणि दोन माणसांना किती पाणी लागतं याचं सगळं गणित कागदावर मांडून दिलं. स्पंजचे पैसे घेणार नव्हते, तर त्यांनी सुटे मोजून काउंटरवर ठेवले, आणि माझा हात मागे जाईपर्यंत तिथेच थांबले. ते का थांबले असतील यावरही मी संध्याकाळी बराच वेळ घालवलाय.

आता जे सोन्याला पण सांगितलं नाहीये ते. काका पायरी उतरले, छत्री उघडली, परत मिटली, वळले.

"आणि, स्वप्नं?"

मी बघतच राहिले. हसत नव्हते. पण न हसणं ही काही खूण नाही, पुण्यातले आहेत ते.

मी म्हटलं, ते काही माहीत नाही काका. "बघा," म्हणाले, "कुठे कळलं तर," आणि गेले.

रात्री जेवताना, भांडी घासताना, आत्ता, मी दोन्ही बाजूंनी लावून बघतेय. एक, त्यांनी सगळं ऐकलं, शब्दन् शब्द, आणि पाच मिनिटं उभं राहून हे एक वाक्य ठरवलं आणि दारात जाऊन ठेवून दिलं. असं असेल तर मग काय बोलणार, वाकून नमस्कार. दोन, त्यांनी काहीच ऐकलं नाही, आणि मी त्यांची नक्कल इतकी बरोबर केली की त्यांनी अजून न विचारलेला प्रश्न पण त्यांचाच निघाला. दुसरं खरं असेल तर मी फार मोठी कलाकार आहे आणि इथे साठ रुपये जोडीने गप्पी विकतेय. पहिलं खरं असेल तर ते माझ्याहून मोठे आहेत. काहीही धरलं तरी दुकानात मोठा कलाकार होता एवढं नक्की, म्हणून मघाशी एकटीच हसले तर आई आतून "काय गं" म्हणाली.

आणि खरं लिहायचं तर "मग गुरुवारी, आम्ही, काय करायचं" हे सोन्याला करून दाखवायची इतकी इच्छा झाली होती. दाखवलं नाही. बाथरूममध्ये आरशासमोर केलं, एकदाच, हळू आवाजात. चष्मा सरकवायचं जमलंय.

दारावर लावायला मी मागे एक पाटी लिहिली होती, "मासे विकत मिळतील. सल्ला फुकट मिळेल. सल्ला न ऐकता मेलेले मासे बदलून मिळणार नाहीत." मामांनी लावू दिली नाही. आज वाटलं, बरं झालं.

बाटली दुकानातच राहिलीये. जाताना म्हणाले होते, बाटली परत लागेल, घरात मोजलेल्या असतात. मी धुतली, साबण न लावता, सवयीने. कागद भिजू नये म्हणून वरून हात धरून धुतली, "(पूर्वी ३)" मधला तीन तेवढा थोडा पसरलाय. काउंटरवर उपडी घालून आलेय.

मंगळवारी घ्यायला येतो म्हणाले आणि मी हो हो म्हणून मान हलवली. मंगळवारी आपलं दुकान बंद असतं. फोन नंबर घेतलेला नाही. म्हणजे मंगळवारी जाऊन शटर अर्धं वर करून बसणं आलं, किती वाजता येणार तेही विचारलं नाहीये.