दावं कापलं म्हणून

सप्टेंबर २०२५. सीना नदीच्या पुराचं पाणी उतरून तीन दिवस झाले होते, आणि मी, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) आणि ग्रामसेवक असे तिघं माढा तालुक्यातल्या एका गावात मेलेल्या जनावरांचे पंचनामे करत फिरत होतो. मी जनावरांचा डॉक्टर. चिखल पोटरीपर्यंत, आणि वास असा की घरी दोनदा अंघोळ केली तरी नाकातून जात नव्हता.

पहिल्या गोठ्यात काम पटकन उरकलं. दोन म्हशी खुंट्यालाच बुडाल्या होत्या, दावं ताणून माना वाकड्या झालेल्या, पण कानातले बिल्ले शाबूत. बारा आकडी नंबर मोबाईलमध्ये टाकला, मालकाचं नाव, लसीकरण सगळं आलं. फोटो, सह्या, चला पुढं. बिल्ला नसेल तर भरपाई नाही असा नियम आहे, त्यामुळे आधी कान बघायचा. दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळीमेंढीला ४,०००. चांगली दुभती म्हैस लाखाच्या आत येत नाही हे त्यांनाही माहितीये आणि मलाही, म्हणून आकडा सांगताना मी कागदाकडंच बघतो.

मग मावशींचं घर. गोठा रिकामा. दोन खुंट्यांना हात हातभर दावं, विळ्यानं कापलेलं.

"रात्री पाणी उंबऱ्याला लागलं तवा कापलं, म्हटलं पोहून तरी जातील." त्यातली एक म्हैस दुसऱ्या दिवशी उसातनं खरंच चालत परत आली. दुसरी, गाभण होती ती, वाहून गेली.

कुणीतरी म्हणालं बंधाऱ्याजवळ बाभळीत एक म्हैस अडकलीये. गेलो. फुगलेली, कान फाटून बिल्ला गेलेला. मावशी लांबूनच म्हणाल्या, माझीच हाय. तेवढ्यात वरच्या गावचा एक जण धावत आला, तो म्हणतो माझी. दोघंही शिंगाचा बाक दाखवतायत, दोघंही रडकुंडीला. मला एकदम आठवलं, वरच्या गावात उन्हाळ्यात एका म्हशीच्या सडाला तार लागली होती, मीच टाके घातले होते. बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून चिखल धुतला. मागचं डावं सड, व्रण तिथंच. स्वतःचं काम ओळखू आलं याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मावशी काही बोलल्या नाहीत, बसल्या नुसत्या.

तलाठी माणूस चांगला, पण म्हणाला डॉक्टर, बॉडीच नाही तर मी लिहू काय? माझ्या मोबाईलमध्ये मावशींच्या म्हशीचा नंबर होता, लाळ्या-खुरकुताची लस मीच टोचलेली. म्हणजे म्हैस होती हे पक्कं, मेली हे कशावरून? विकली असेल तर, असं कुणीतरी विचारणारच. आणि खरी गंमत (गंमत कसली) ही की दावं कापलं नसतं तर दोन्ही म्हशी खुंट्यालाच मिळाल्या असत्या, पंचनामा दहा मिनिटांत, ७५,००० रुपये.

शेवटी 'पुरात वाहून गेली' असं लिहिलं, सरपंच आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, कापलेल्या दाव्याचा फोटो जोडला. काही दिवसांनी वरून शेरा आला, मृत जनावराचा फोटो जोडावा. मी परत दाव्याचाच जोडला, दुसरा आणू कुठनं. पुढं सरकारच्या ऑक्टोबरच्या मदत पॅकेजमध्ये तीनच जनावरांपर्यंत भरपाई ही मर्यादा काढली, बऱ्याच जणांना फायदा झाला असेल, पण मावशींची अडचण संख्येची नव्हतीच.

दिवाळीत त्यांचा फोन आला. मला वाटलं पैशाचं विचारणार. तर म्हणाल्या, राहिलेली पान्हा सोडंना, येऊन बघता का. गेलो, तपासलं, औषध दिलं. म्हैस नव्या दाव्याला बांधलेली होती आणि गाठ अशी मारलेली की एक टोक ओढलं की सुटंल.