परसातल्या तळ्याला बॉग फिल्टर: जानेवारी ते जून

तळं आधीपासूनच होतं. साताऱ्यात, घरामागच्या परसात, तीन मीटर बाय दोन मीटर, मधोमध पाऊण मीटर खोल. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरून चार वर्षांपूर्वी केलेलं. कडेच्या पायऱ्या वजा जाता पाणी साधारण ३८०० लिटर बसतं. फिल्टर म्हणून एक निळा ड्रम आणि त्यात स्पंज. दर चार दिवसांनी तो स्पंज पिळायचा, हात आठवडाभर वास मारायचे, आणि तरी एप्रिल आला की पाणी हिरवंगार. या जानेवारीत ड्रम भंगारात दिला.

बॉग म्हणजे काय ते सासूबाईंना सांगत होते. खडीचा वाफा, खालून पाणी सोडायचं, ते खडीतून वर येतं, झाडांच्या मुळांतून जातं आणि परत तळ्यात पडतं. त्या म्हणाल्या, "अगं, मग हे आमच्या न्हाणीमागचं आळं झालं की." त्यांचं माहेर चिपळूणजवळ. न्हाणीचं पाणी मागं अळवात आणि केळीत सोडलेलं असायचं. जर्मनीत कॅथे सायडल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग सुरू केले, त्याच्याशी या आळ्याचं नातं सरळच आहे. फरक इतकाच की न्हाणीचं पाणी एकदा गेलं की गेलं, आपल्याकडे तेच पाणी दिवसरात्र फिरत राहतं. म्हणून आळ्यात चुकलेलं खपतं, बॉगमध्ये खपत नाही.

जानेवारी

तळ्याच्या पृष्ठभागाच्या पाव भाग बॉग असावा असा हिशोब धरला. सहा चौरस मीटरचं तळं, म्हणून अडीच मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद वाफा. विटांच्या भिंती, आत तोच शेततळ्याचा कागद, खडी ३० सेंटिमीटर. वाफ्याचा तळ जमिनीच्या पातळीवर, म्हणजे तळ्यातल्या पाण्यापेक्षा थोडा उंचच. हे लक्षात ठेवा, पुढं मे महिन्यात याचाच खेळ होणार आहे.

खडीचं गणित: ०.४५ घनमीटर, म्हणजे १६ घनफूट. क्रशरवाल्याला फोन केला तर तो हसला. पाव ब्रासच्या खाली टेम्पो हलत नाही. पाव ब्रास म्हणजे २५ घनफूट. उरलेली नऊ घनफूट खडी अजून गेटपाशी आहे आणि रोज कुणीतरी तिच्यात ठेचकाळतं.

अर्धा इंची काळी खडी घेतली. नदीची गोटी दिसायला सुंदर, पण आपल्याकडच्या गोटीत चुनखडीचे खडे हमखास मिसळलेले असतात. मूठभर गोटीवर व्हिनेगर टाकून पाहा, फसफसलं तर ती तळ्यात नको. आमच्या बोअरचं पाणी मुळात ८.१ पीएचचं, त्यात आणखी चुना कशाला? आणि माशांमुळे पाण्यात येणारा अमोनिया जितका असेल त्यातला विषारी भाग पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो. गोटीच्या सौंदर्यासाठी मासे का पणाला लावायचे?

धुण्याबद्दल एकच सांगते: तुम्हाला पुरेशी धुतली वाटेल तेव्हा अर्धीच धुतलेली असते. घमेल्या-घमेल्यानं तीन दिवस धुतली. पहिल्या पाण्याची भुकटी तळाशी बसली ती अक्षरशः सिमेंटसारखी घट्ट झाली होती. ती वाफ्यात गेली असती तर पाइपच्या चिरा बंद.

पाइप दीड इंची पीव्हीसी, वाफ्याच्या तळाशी दोन रांगा. दर पाच सेंटिमीटरवर हॅक्सॉनं आडवी चीर, पाइपच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, तोंड खाली. दोन्ही टोकं एल्बो लावून खडीच्या वर आणली आणि तिथं कॅप सोल्युशन न लावता नुसती दाबून बसवली. वर्षातून एकदा कॅप काढून पाण्याचा जोर मारला की आतला गाळ बाहेर, अशी कल्पना. एका कोपऱ्यात चार इंची पाइप उभा ठेवलाय, खाली भोकं पाडून. त्यातून तळाशी किती गाळ बसलाय ते काठी घालून कळतं.

खडी आणि पाइप यांच्यामध्ये कापड, जाळी, कोळसा, काही नाही. लोक थरांवर थर घालतात. प्रत्येक थर म्हणजे पुढं कधीतरी तुंबणारी एक जागा, असं माझं मत.

फेब्रुवारी

पंप ४० वॅटचा, खोक्यावर ताशी ३००० लिटर. खोक्यावरचा आकडा उंची शून्य धरून असतो. वाफ्याच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरली, भरायला ४२ सेकंद. म्हणजे ताशी १७०० च्या आसपास. सव्वादोन तासांत तळं एकदा फिरतं. थोड्या माशांना पुरे. वीज दिवसाला एक युनिटच्या आत.

झाडं: वेखंड, पिवळी कर्दळ, छत्रीसारखा दिसणारा लव्हाळा, कडेला ब्राह्मी आणि पुदिना. सासूबाईंच्या आग्रहानं अळवाचे चार कंद. मुळांची माती बादलीत खळबळून पूर्ण काढली, खडीत नुसती रोवली. पहिले तीन आठवडे सगळी पिवळी पडली आणि शेजारच्या काकूंनी थोडं खत घालायला सांगितलं. घातलं नाही. खतच काढून घ्यायला तर ती तिथं लावलीत. पाणकणीस, ज्याला काही जण रामबाण म्हणतात, ते मात्र लावू नका. त्याचे कोंब कागद फोडून आरपार जातात.

२० तारखेला सहा छोटे गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवशी अमोनिया ०.५ पीपीएम. मग नायट्राइट वर चढलं, त्या दिवसांत एक दिवसाआड तळ्याचं पाव पाणी बदललं. ते अर्थातच बागेला. तेहेतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. खडीच्या अंगावर जिवाणू बसले. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट तेच करतात, झाडं फक्त शेवटी ताटावर बसतात. नळाचं पाणी थेट घालत असाल तर हे जिवाणू क्लोरीननं मरतात, त्यामुळे मी भर घालते ती बोअरच्याच पाण्याची.

मार्च

गळती. रोज पाच सेंटिमीटर पाणी कमी. सहा चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर म्हणजे ३०० लिटर, आणि मार्चमध्ये उन्हानं उडतं ते फार तर पाऊण सेंटिमीटर.

पंप बंद केला, बॉगमधलं पाणी खाली उतरू दिलं, तळ्याच्या कडेला खडूनं रेघ मारली. सकाळी पाणी रेघेवरच. म्हणजे तळ्याचा कागद शाबूत. मग पाइपवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून वाफा होजनं काठोकाठ भरला. सकाळी तोही भरलेला. तळं गळत नाही, वाफा गळत नाही, तरी रोज ३०० लिटर जातात. नवऱ्यानं शेजारच्यांच्या मांजरावर संशय घेतला.

शेवटी पंप चालू ठेवून संध्याकाळी वाफ्याच्या तोंडापाशी पोटावर झोपले आणि टॉर्च मारला. पाणी तळ्यात पडावं म्हणून तोंडाला कडप्पा बसवलाय. पाणी त्यावरून येतं, काठावरून वाकतं, आणि सगळंच्या सगळं खाली पडत नाही. एक पातळ पदर कडप्प्याच्या खालच्या अंगाला चिकटून उलटा मागं सरकतो आणि विटांच्या सांध्यात शिरतो. किटलीतून चहा ओतताना शेवटची धार तोटीखालून पोटाकडे ओघळते, तसं.

गवंडीदादांना बोलावलं. त्यांनी बोटानं तो ओला पदर पुसला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "ताई, छज्जाला खालून खाच मारतो की आम्ही रोज. इथं कसं विसरलो?" ग्राइंडरनं कडप्प्याच्या खालून, काठापासून दोन सेंटिमीटरवर एक खाच. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवसापासून गळती बंद.

एप्रिल, मे

एप्रिलमध्ये पाणी हिरवं झालंच. वीतभर खोल हात घातला तर बोटं दिसत नव्हती. काहीही टाकलं नाही, निम्म्या तळ्यावर हिरवी शेडनेट बांधली आणि वाट पाहिली. कर्दळीनं एकदम उचल खाल्ली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तळातली वीट दिसली, तिच्यावरच्या अक्षरांसकट.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. परदेशी आराखड्यांत पंप कधी बंद पडत नाही. आपल्याकडे वळीव आला की लाइट जाते. पंप थांबला की बॉगमधलं पाणी पाइपातून उलटं तळ्यात उतरतं. खडीतली मोकळी जागा साधारण ४० टक्के धरली तर १८० लिटर, म्हणजे तळं तीन सेंटिमीटर वर. मला ते बरं वाटेना, जिवाणू कोरडे पडतील म्हणून एप्रिलअखेर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, पाणी उलटं येऊ न देणारा. आता बॉग कायम भरलेला. हुशारी केली असं वाटलं.

१४ मेला वादळात लाइट गेली ती नऊ तास. रात्री दीडला आली, पंप सुरू झाला आणि परसात सडक्या अंड्यांचा वास पसरला. भरलेल्या, न हलणाऱ्या पाण्यातला प्राणवायू त्या जिवाणूंनीच संपवला होता आणि नंतर दुसरेच, वासाचे, कामाला लागले होते. ते काळपट पाणी सरळ माशांवर. सहाही मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. पंप बंद करून होजनं उंचावरून पाणी सोडत अडीचपर्यंत उभी होते. एक गेला.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह काढून टाकला. बॉग रिकामा झाला तरी खडी ओली राहते आणि तिच्यात हवा खेळते. जिवाणूंना ओल आणि हवा असली की काही तास निभावतं. साचलेल्या पाण्यात ते गुदमरतात. तळ्याची पातळी नेहमीपेक्षा पाच सेंटिमीटर खाली ठेवली, उतरलेलं पाणी मावावं म्हणून. शिवाय पाइपावर एक टी टाकून फाटा काढला, लाइट बराच वेळ जाऊन परत आली की पहिली दहा मिनिटं पाणी नारळाच्या आळ्यात जातं. त्यानंतर सहा आणि सात तास अशी दोनदा लाइट गेली. वास नाही, अमोनिया शून्य.

वाफा तळ्याच्या पातळीला किंवा खाली बांधला असेल तर तो असा रिकामा होणार नाही. तेव्हा नव्यानं बांधणाऱ्यांनी वाफ्याचा तळ वरच ठेवा.

जून

पाऊस लागलाय. ब्राह्मी कडप्प्यावरून तळ्यात उतरायला लागली, ती दर रविवारी छाटते, नाहीतर पाणी अडून बाजूनं सांडतं. ढोकरी दोनदा येऊन गेली, तिच्यासाठी काठावर मासेमारीची तंगूस ताणलीय, घोट्याच्या उंचीवर. पन्हाळीचं पाणी तळ्यात घ्यायचा मोह होतोय, पण पहिल्या चार पावसांत नको.

अळू फोफावलंय. तळ्यात आजवर कसलंही औषध टाकलेलं नाही, त्यामुळे खायला हरकत नव्हती. सासूबाईंनी काल सहा पानं खुडली. वडीला पुरेना, म्हणून फतफतं केलं.