प्लम आयलंडला प्लोव्हर बघायला जाणार असाल तर

बॉस्टनहून उत्तरेला तासाभरावर न्यूबरीपोर्ट गाव आहे. तिथून पूल ओलांडला की प्लम आयलंड. बेटाचा बराचसा भाग पार्कर रिव्हर नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या अभयारण्यात येतो आणि त्याच्या वाळूवर पायपिंग प्लोव्हर हे छोटे पक्षी घरटी करतात. आपल्या केंटिश चिखल्याचा हा चुलतभाऊ. वजन पन्नास-साठ ग्रॅम, पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, विणीच्या दिवसांत गळ्यात काळी पट्टी आणि नारिंगी चोच. आम्ही जूनमध्ये गेलो, कारण या सुमारास काही जोड्या अंड्यांवर असतात आणि काहींची पिल्लं बाहेर पडलेली असतात.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रेफ्यूजचा समुद्रकिनारा १ एप्रिलपासून माणसांसाठी बंद होतो. जुलैपासून, पिल्लं उडायला लागतील तसा तो तुकड्या-तुकड्याने उघडतात. पोहायला म्हणून आलेली कितीतरी कुटुंबं पाटी वाचून हिरमुसतात. पक्षी बघायला येणाऱ्यांनी मात्र लॉट १ या पार्किंगजवळच्या लाकडी वाटेच्या टोकाशी उभं राहून दुर्बिणीने बघावं किंवा रस्त्याच्या अगदी शेवटी, दक्षिण टोकाच्या सँडी पॉइंटला जावं. हा भाग राज्य सरकारचा आहे. तिथे घरट्यांच्या जागा खुंट आणि दोरी लावून राखलेल्या असतात, बाकी वाळूवर चालता येतं. रस्त्याचा शेवटचा पट्टा कच्चा आहे, गाडी सावकाश न्या.

सँडी पॉइंटला आम्हाला आधी आवाज ऐकू आला, मऊसा ‘पीप-लो’. पक्षी दिसायला बराच वेळ लागला. तो चार पावलं धावतो, थबकतो, पुन्हा धावतो, आणि थबकला की वाळूत विरून जातो. म्हणून नजर एका जागी ठेवा, हालचाल आपोआप टिपली जाते. दोरीपलीकडे एक मादी वाळूवर फुगून बसली होती आणि तिच्या पोटाखालून आठ पाय दिसत होते! वारा गार होता, तीन पिल्लं उबेला शिरली होती. थोड्या वेळाने ती एकेक करून निसटली आणि भरतीने टाकलेल्या शेवाळाच्या रेषेकडे पळाली. जन्मल्यापासून काही तासांतच ही पिल्लं स्वतः किडे टिपायला लागतात, पण उडता यायला साधारण महिना लागतो. त्या महिन्यात धोका दिसला की ती जागच्या जागी दबून बसतात. चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली येतात ती अशीच. म्हणून ओल्या, घट्ट वाळूवरूनच चाला आणि शेवाळाच्या रेषेजवळ रेंगाळू नका, कारण पिल्लांचं जेवण तिथेच असतं.

एक धावपटू दोरीला लागून गेला, तेव्हा नर पंख मोडल्यासारखा फरफटत त्याच्यापुढून निघाला. हे दृश्य बघायला विलक्षण आहे, पण ते तुमच्यासमोर घडलं तर फोटो काढत थांबू नका. तुम्ही पिल्लांच्या फार जवळ आहात. खाली बघत, आल्या वाटेने मागे फिरा.

कोकणातल्या वेळासच्या कासवांची मला इथे वारंवार आठवण झाली. कासवीण अंडी घालून समुद्रात परत जाते, त्यामुळे तिथे अंडी उचलून कुंपणात सुरक्षित ठेवता येतात. प्लोव्हरचे आईबाप आळीपाळीने चार आठवडे अंडी उबवतात, त्यामुळे घरटं हलवता येत नाही. हलवायचं ते माणसालाच. १९८६ साली हा पक्षी संरक्षित यादीत आला, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये दीडशेच्या आतच जोड्या होत्या. आज हजारावर आहेत. दोऱ्या, पाट्या आणि उन्हात उभे राहून लोकांना समजावणारे स्वयंसेवक यांचं हे काम आहे, आणि मला ते फार मोठं वाटतं. त्यांच्याशी जरूर बोला. त्या दिवशी पिल्लं कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

कुत्रा, ड्रोन यांना बंदी आहे. पतंगही आणू नका, पक्ष्यांना तो ससाणा वाटतो. लिटल टर्न या समुद्रपक्ष्याचे जवळचे नातलग लीस्ट टर्नही इथेच घरटी करतात आणि जवळ गेलात तर डोक्यावर झेपावतात, टोपी असू द्या. वाळूच्या टेकड्यांवर चढू नका. तिथे पॉयझन आयव्ही ही अंगाला लागली की खाज सुटणारी वनस्पती आहे आणि गवतात गोचीड असतात, लांब पँट बरी. आत दुकान नाही, पाणी-खाणं बरोबर घ्या. गाडीसाठी प्रवेशशुल्क आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की फाटक बंद करतात, त्यामुळे उजाडतानाच पोहोचा. आणि शक्यतो जुलै उजाडायच्या आत या. त्यानंतर महिनाभर खाडीतल्या ग्रीनहेड माश्या कपड्यांवरूनही कडकडून चावतात.