त्यांना सारे ठाऊक होते

पदोन्नतीबद्दल अभिनंदन करायला आज घरी आलेल्या आत्याने निघता निघता जे सांगितले, त्यातून मी अजून सावरलेले नाही: लहानपणी माझ्यावर झालेले अत्याचार घरातल्या मोठ्यांना तेव्हाच ठाऊक होते आणि त्यांनी ठरवून मौन पाळले होते. ते गुपित फक्त माझे आहे असे मी आजवर समजत आले, त्याच समजुतीवर सर्वांशी माया टिकवली आणि अभ्यासात, नंतर कामात, स्वतःला पूर्णपणे गुंतवून घेतले. (दिवा मालवून झोपणे मात्र मला आजही जमत नाही.) विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांच्या १९९८ मधील अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून अधिक प्रौढांनी बालपणातील किमान एक प्रतिकूल अनुभव नोंदवला होता, आणि ती माणसे बहुतांशी सुशिक्षित होती, त्यामुळे माझे पद पाहून ‘तू तर सावरलीस’ असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. आत्याचा राग येत नाही, कारण तेव्हा तीही त्या घरात दबलेलीच होती. आईचा येतो, आणि तो मी दाबणार नाही. उद्या समुपदेशकांशी बोलून मग मी आईला फोन करणार आहे.